लुशानला जाताय? या चुका टाळा (आमच्या करून झाल्यात)

पहिली चूक घरबसल्याच होते, तिकीट काढताना. इंग्रजीत लुशान टाइप केलं की सिच्वानमधलं एक लुशान येतं, हनानमधलं दुसरं येतं, आणि आपल्याला हवा तो डोंगर चीनच्या च्यांगशी प्रांतातला, च्यूच्यांग शहराजवळचा. बरं, डोंगराच्या पायथ्याशी जे गाव आहे त्याचंही नाव २०१६ मध्ये लुशानच करून ठेवलंय! म्हणून चिनी अक्षरांतलं नाव फोनमध्ये सेव्ह करा आणि टॅक्सीवाल्याला तेच दाखवा, उच्चाराच्या भानगडीत पडू नका.

दुसरी चूक, वन-डे ट्रिप. आम्ही सकाळी वर गेलो आणि पाच म्हाताऱ्यांच्या शिखरावर जाऊन नुसतं पांढरं बघून आलो, म्हणजे समोरचं रेलिंग दिसत होतं आणि त्यावरून टपटपणारं पाणी, बाकी काही नाही. इथे वर्षातले निम्मे दिवस तरी धुकं असतं. सू तुंगपो या चिनी कवीने हजारेक वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय की लुशानचा खरा चेहरा कळत नाही कारण मी त्याच्या आतच उभा आहे, आणि आम्ही त्यातून काही शिकलो नाही. तर वर कूलिंग गावात दोन रात्री राहा. हे आपल्या महाबळेश्वरसारखंच गोऱ्या साहेबांनी वसवलेलं, १८९५ च्या सुमारास एका इंग्रज मिशनऱ्याने जागा घेतली आणि थंडाव्याच्या इंग्रजी शब्दावर कोटी करून हे नाव पाडलं.

धुकं आलंच तर रूमवर पत्ते कुटत बसू नका. बंद छपराखालच्या जागा त्या दिवसासाठी राखून ठेवायच्या. मेईलू बंगला बघा, तिथे आधी माओचा शत्रू, राष्ट्रवादी नेता च्यांग कै-शेक राहायचा आणि नंतर माओ पण राहिला, एकच बंगला! जवळच सभागृह आहे जिथे १९५९ च्या कम्युनिस्ट पक्षाच्या बैठकीत संरक्षणमंत्री फंग दहुआयची गच्छंती झाली, कारण काय तर त्याने 'मोठ्या झेपे'च्या, म्हणजे माओच्या झटपट उत्पादनवाढीच्या मोहिमेच्या, चुका दाखवणारं पत्र माओला लिहिलं. आकाश उघडलं की मग हे सगळं सोडून शिखरांकडे पळा.

तिसरी चूक धबधब्याची, आणि ही भलेभले करतात. प्रसिद्ध चिनी कवी ली बायच्या कवितेतला धबधबा म्हणून लोक सानदिएछुआन नावाच्या दुसऱ्याच धबधब्यापाशी फोटो काढतात. ली बाय आठव्या शतकातला आणि सानदिएछुआन लोकांना कळला म्हणे ११९१ मध्ये, तर तो कसा बघणार? त्याचा धबधबा शिउफंगला, दक्षिणेकडे पायथ्याला. पांढऱ्या हरणाची गुहा म्हणतात ते तत्त्वज्ञ चू शीचं विद्यापीठ आणि तुंगलिन हा बौद्ध मठ, हेही खालीच. त्यामुळे वरचं आणि खालचं एका दिवसात कोंबू नका, खालच्यासाठी वेगळा दिवस काढा.

सानदिएछुआन बघायचा नाही असं नाही हां, १५५ मीटरचा आहे, जबरदस्तच. पण हजाराहून जास्त पायऱ्या उतरायच्या आणि त्याच परत चढायच्या, आणि उतरताना कोणालाच हे आठवत नाही. छत्रीपेक्षा पोंचो बरा, हात मोकळे राहतात. आईबाबा बरोबर असतील तर डोलीवाले मिळतात, फक्त भाव बसायच्या आधीच फोनवर आकडा टाइप करून पक्का करा, आणि एका बाजूचा की जाऊन-येऊन तेही.