हवेचं बॅलन्सिंग शिकताना: आधी टक्के काढा, मग डॅम्परला हात लावा

मोठ्या ऑफिसचं एसीचं काम पूर्ण होतं, पाणी थंड करणारा चिलर चालू होतो, खोल्यांना हवा पुरवणारे एएचयू (एअर हँडलिंग युनिट) फिरू लागतात, तरी एका केबिनमध्ये माणसं स्वेटर घालून बसतात आणि शेजारच्या मीटिंग रूममध्ये घाम पुसतात. यंत्रं ठणठणीत असतात. हवा आणि पाणी मात्र ठरल्या ठिकाणी ठरल्याइतकं पोचत नसतं. ते मोजायचं, डिझाइनच्या प्रमाणात वाटायचं आणि कागदावर नोंदवून द्यायचं, या कामाला टेस्टिंग, ॲडजस्टिंग आणि बॅलन्सिंग म्हणतात. साइटवर त्याला नुसतं टीएबी म्हणतात.

मेकॅनिकल डिप्लोमा किंवा आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एसी ट्रेड झालेल्याला हे काम नीट शिकता येतं. गणित लागतं ते टक्केवारी आणि वर्गमूळ एवढंच, पण ते शिडीवर उभं राहून, एका हातात मीटर धरून जमलं पाहिजे. ड्रॉइंग वाचता येणं त्याहून महत्त्वाचं. डक्टच्या (हवेच्या नळाच्या) रेषेवर कुठे व्हीसीडी, म्हणजे हवा कमी-जास्त करणारा डॅम्पर (झडप) आहे आणि कुठे आगीत मिटणारा फायर डॅम्पर, हे कागदावर ओळखता आलं नाही तर फॉल्स सीलिंगच्या वर ते सापडण्याची आशा नाही.

अमेरिकेत या कामाच्या दोन जुन्या संघटना आहेत: १९६५ची एएबीसी आणि १९७१ची एनईबीबी, जिला सगळे ‘नेब’ म्हणतात. मोजमाप आणि बॅलन्सिंगच्या पद्धतीसाठी ॲशरे या अमेरिकन संस्थेचं स्टँडर्ड १११ वापरतात. ब्रिटिश पद्धतीच्या कामात सिब्सी या ब्रिटिश संस्थेचे कमिशनिंग कोड चालतात, हवेसाठी ‘ए’ आणि पाण्यासाठी ‘डब्ल्यू’. आखाती देशांतल्या आणि आपल्याकडच्या मोठ्या टेंडरमध्ये यांपैकी एखादं नाव लिहिलेलं असतं, म्हणून आखातात जाऊ पाहणाऱ्याने निदान त्यांच्या रिपोर्टचे नमुने डोळ्यांखालून घालावेत. प्रमाणपत्राची परीक्षा नंतर देता येते. आधी हात बसू द्या.

मीटर हातात घेण्याआधी

नवखा माणूस साइटवर पोचताच पहिल्या ग्रिलला हूड (ग्रिलमधून येणारी हवा गोळा करून मोजणारा मीटर) लावतो. तो आकडा बहुतेक वेळा फेकून द्यावा लागतो, कारण सिस्टिमच मोजण्यालायक झालेली नसते. आधी हे तपासा:

- एएचयूत फिल्टर बसवलेत का, आणि त्यांच्यावरचं प्लॅस्टिक काढलंय का. हे प्लॅस्टिक तसंच राहिलेलं दिसणं अजिबात दुर्मीळ नाही.
- फॅन सरळ दिशेने फिरतोय का. सेंट्रिफ्युगल फॅन उलटा फिरला तरी हवा पुढेच फेकतो, फक्त कमी फेकतो, त्यामुळे ग्रिलला हात लावून चूक कळत नाही. हाउसिंगवरचा बाण आणि फिरण्याची दिशा डोळ्यांनी पाहा. उलटी असेल तर तीनपैकी दोन फेज अदलाबदल करायला इलेक्ट्रिशियनला सांगा.
- पट्ट्याचा ताण, पुलींची सरळ रेषा, मोटरचे तिन्ही फेजचे अँपिअर आणि नेमप्लेटवरचा आकडा.
- सगळे फायर डॅम्पर उघडे, सगळे व्हीसीडी आणि ग्रिलमागचे डॅम्पर पूर्ण उघडे, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) ५० हर्ट्झवर किंवा डिझाइनने दिलेल्या वेगावर.
- खोल्यांची दारं रोज असतात तशी. ऑफिसमध्ये बंद राहणारं दार मोजताना उघडं ठेवलं तर आकडे दुसऱ्याच इमारतीचे येतात.
- फ्लेक्सिबल डक्ट कुठे चेपलाय, मुरगळलाय किंवा केबल ट्रेखाली दबलाय का. एका ग्रिलला हवा येत नाही, या तक्रारीत हे कारण सर्वांत आधी शोधा.

डक्टची लीकेज टेस्ट झाली नसेल तर ती व्हायच्या आत बॅलन्सिंग सुरू करू नका. गळणाऱ्या डक्टमध्ये टक्के जुळवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी मोजणं.

फॅनची एकूण हवा

एकूण हवा पिटो ट्यूबने (वाहत्या हवेचा दाब मोजणारी नळी) मुख्य डक्टमध्ये ट्रॅव्हर्स घेऊन, म्हणजे आडव्या छेदात अनेक बिंदूंवर मोजून, काढतात. जागा निवडताना प्रवाहाच्या मागच्या बाजूला डक्टच्या व्यासाच्या सात-आठ पट आणि पुढच्या बाजूला दोन-तीन पट सरळ लांबी असावी. मुंबईतल्या प्लान्टरूममध्ये एवढी सरळ लांबी मिळणं कठीण असतं. मग मिळते ती सर्वांत बरी जागा घ्या, बिंदू वाढवा आणि रिपोर्टमध्ये तसं लिहा. चौकोनी डक्टला किमान २५ बिंदू घ्यायची पद्धत आहे.

वेग काढायचं सूत्र: मीटर प्रति सेकंद = १.२९ × √(वेगदाब पास्कलमध्ये). वेगदाब म्हणजे हवेच्या वेगामुळे येणारा दाब. वेगदाब २५ पास्कल असेल तर वेग ६.४५. डक्ट ६०० × ४०० मिलिमीटरचा असेल तर क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर, आणि हवा सेकंदाला सुमारे १.५५ घनमीटर, म्हणजे ३,२८० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळ्या बिंदूंच्या दाबांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घेणं. दोन बिंदूंवर ४ आणि ६४ पास्कल आले असं धरा. वर्गमुळं २ आणि ८, सरासरी ५. दाबांची सरासरी आधी काढली तर ३४, आणि तिचं वर्गमूळ ५.८३. हवा सोळा-सतरा टक्क्यांनी फुगली. आधी प्रत्येक बिंदूचं वर्गमूळ, मग सरासरी. वेग ३ मीटर प्रति सेकंदाखाली असेल तर पिटो ठेवून द्या. वेगदाब पाच-सहा पास्कलवर येतो आणि मॅनोमीटरचा काटा भरवशाचा राहत नाही. तिथे हॉट वायर किंवा व्हेन ॲनिमोमीटर घ्या.

घाटावरच्या साइटवर आणखी एक गोष्ट. सूत्रातलं १.२९ हे हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर धरून आलंय. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे; २५ अंशांला तिथली घनता १.११च्या आसपास भरते आणि १.२९च्या जागी १.३४ घ्यावं लागतं. म्हणजे दुरुस्ती न केलेला पिटो पुण्यात ४ टक्के कमी दाखवतो, आणि वस्तुमानावर चालणारा हॉट वायर ७ ते ८ टक्के कमी. दोन्ही मीटर चांगले असून एकमेकांशी जुळत नाहीत, आणि साइटवर तासभर वाद होतो. मीटरमध्ये उंची आणि तापमान भरायची सोय असते. ती वापरा.

वेग वाढवण्याआधी मोटर पाहा

डिझाइन १२,००० सीएफएम, मोजलं १०,२००. म्हणजे ८५ टक्के. हात व्हीएफडीकडे जातो, पण आधी हिशोब करा. हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, दाब वर्गाच्या आणि वीज घनाच्या. वेग १.१८ पट करायचा तर दाब १.३८ पट आणि वीज १.६३ पट लागेल. मोटर ७.५ किलोवॉटची आहे आणि आत्ता ५ किलोवॉट खातेय. वेग वाढवला तर मागणी ८.१ किलोवॉटवर जाईल आणि मोटर जळायच्या वाटेला लागेल.

म्हणून आधी दाब कुठे हरवतोय ते शोधा. फिल्टरच्या आधी आणि नंतर, कॉइलच्या (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या) आधी आणि नंतर, फॅनच्या तोंडाशी आणि मुख्य डक्टमध्ये स्टॅटिक प्रेशर (हवेचा डक्टच्या भिंतीवरचा दाब) घ्या आणि एकाखाली एक लिहा. जिथे उडी डिझाइनपेक्षा मोठी दिसेल तिथे दोष आहे: अर्धा मिटलेला फायर डॅम्पर, धुळीने भरलेली कॉइल, किंवा डक्टच्या अंगावर काटकोनात काढलेली फांदी. नव्या फिल्टरवर सगळं बरोबर जुळवलं तर फिल्टर भरल्यावर हवा घटणार, हेही लक्षात ठेवा. काही कामांत फिल्टरचा काही भाग पुठ्ठ्याने झाकून मधल्या अवस्थेतला दाब आणतात आणि मग मोजतात.

एका फांदीचं बॅलन्सिंग

या पद्धतीला प्रपोर्शनल बॅलन्सिंग म्हणतात. प्रशिक्षणातला सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. डक्टच्या एका फांदीवर पाच डिफ्युझर (खोलीत हवा सोडणारी तोंडं) आहेत, फॅनकडून टोकाकडे क, ख, ग, घ, ङ. डिझाइन अनुक्रमे ४००, ४००, ३००, ३००, २०० सीएफएम. सगळं उघडं ठेवून मोजलं तेव्हा आले ५२०, ४६०, ३१५, २७०, १६०. टक्के काढा: १३०, ११५, १०५, ९०, ८०.

नवखा माणूस ‘क’कडे धावतो आणि त्याला ४००वर आणून बसवतो. मग ‘ख’ ४००वर आणतो, तोवर ‘क’ पुन्हा ४३०वर गेलेला असतो. संध्याकाळपर्यंत शिडी इकडून तिकडे फिरते आणि हाती काही लागत नाही. सीएफएमच्या मागे लागलं की असंच होतं. इथे फक्त टक्के जुळवायचे.

सर्वांत कमी टक्का ‘ङ’चा आहे, ८०. त्याचा डॅम्पर शेवटपर्यंत पूर्ण उघडा राहणार, त्याला हात लावायचा नाही. आता ‘घ’ थोडा दाबा. तिथली हवा ‘ङ’कडे सरकते, दोघे ८३ टक्क्यांवर येईपर्यंत एकदा इथे, एकदा तिथे मोजा. मग ‘ग’ दाबा आणि त्याची तुलना फक्त ‘ङ’शी करा, दोन्ही ८८वर येतात. ‘घ’ मोजायची गरज नाही, तो आपोआप ८८वर गेलेला असतो. दोघांच्या मागचा दाब एकत्रच वाढतो, त्यामुळे एकदा जुळलेली जोडी एकत्रच वर-खाली होते. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. मग ‘ख’, ९५. शेवटी ‘क’, आणि पाचही १०५ टक्क्यांच्या आसपास: ४२०, ४२०, ३१५, ३१५, २१०.

सगळीकडे पाच टक्के जास्त आहेत, तर ते फांदीच्या तोंडाच्या व्हीसीडीवर काढायचे किंवा पुढे फॅनच्या वेगात. सगळ्याच फांद्या १०५वर असतील तर फॅनचा वेग ५ टक्के कमी करा. वीज १४ टक्के वाचते. त्याच कारणासाठी डॅम्पर दाबून जास्तीची हवा मारण्यापेक्षा वेग उतरवणं नेहमी चांगलं.

सर्वांत कमी टक्का टोकाला न येता मध्येच कुठे आला, तर टोकाचा डिफ्युझर दाबून त्याच्या टक्क्यांवर आणा आणि मग टोकालाच आधार धरून मागे या. क्रम तोच: फांदीतले डिफ्युझर, मग फांद्या आपापसांत, मग फॅन. साधारण ऑफिसला डिझाइनच्या अधिक-उणे १० टक्के चालतं. औषध कंपनीच्या स्वच्छ खोल्यांना नाही. तिथे शेजारच्या खोल्यांमध्ये १० ते १५ पास्कलचा फरक टिकवायचा असतो, म्हणून रिटर्न (परत ओढलेली हवा) आणि एक्झॉस्टही (बाहेर टाकलेली हवा) तितक्याच बारकाईने बसवावे लागतात.

हूडबद्दल दोन सूचना. हूड लावल्यावर तो स्वतःच थोडा अडथळा होतो, त्यामुळे कमी दाबाच्या डिफ्युझरवर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. गोल फिरवून हवा टाकणाऱ्या स्वर्ल डिफ्युझरवर तर चूक जास्तच. एका डिफ्युझरच्या फांदीत ट्रॅव्हर्स घ्या, हूडच्या आकड्याशी तुलना करा आणि मिळालेला गुणक त्याच जातीच्या सगळ्या डिफ्युझरांना लावा. ग्रिलच्या अगदी मागचा डॅम्पर खूप दाबला की शिट्टी वाजते, म्हणून मोठी कपात फांदीवरच्या व्हीसीडीने करा.

पाण्याची बाजू

इथेही प्रमाणाचीच पद्धत, फक्त सगळं बंद पाइपमध्ये. आधी फ्लशिंग, मग स्ट्रेनर साफ, मग वरच्या सगळ्या ठिकाणची हवा काढणं. स्ट्रेनरमध्ये वेल्डिंगचा कचरा असला तर सगळ्या शाखांचे आकडे खोटे येतात. बॅलन्सिंग व्हॉल्व्हच्या दोन टेस्ट पॉइंटना मीटर लावा: तासाला घनमीटर = केव्ही × √(दाबातला फरक बारमध्ये). केव्ही म्हणजे व्हॉल्व्हमधून किती पाणी जाऊ शकतं ते सांगणारा आकडा. केव्ही १० आणि फरक ०.०४ बार, तर प्रवाह २ घनमीटर. केव्ही हा व्हॉल्व्ह किती फेरे उघडा आहे त्यावर बदलतो, म्हणून फेरे आधी वाचा आणि कंपनीच्या तक्त्यातून केव्ही घ्या. पंप तपासताना डिस्चार्ज व्हॉल्व्ह थोड्या सेकंदांसाठी पूर्ण बंद करून दाब घेतात, आणि तो पंपाच्या कर्व्हवर (दाब आणि प्रवाहाच्या आलेखावर) टाकून आत कुठल्या व्यासाचा इम्पेलर (पाणी फेकणारं चाक) आहे ते ओळखतात. दोन्ही बाजूंचा दाब एकाच गेजने घ्या. दोन गेज क्वचितच एकसारखे दाखवतात.

गरम पाणी थंड पाण्यापेक्षा माफ करणारं आहे. हीटिंग कॉइलमधून निम्मंच पाणी गेलं तरी ती साधारण ९० टक्के उष्णता देते. थंड पाण्याच्या कॉइलवर ही सूट मिळत नाही. हवेतली आर्द्रता काढण्याचं काम आधी ढासळतं, आणि पावसाळ्यात मुंबईत ते लगेच जाणवतं. त्यामुळे हाताशी वेळ कमी असेल तर तो चिल्ड वॉटरवर घालवा.

नोंद आणि सराव

प्रत्येक डिफ्युझरसाठी डिझाइन, पहिलं मोजमाप, शेवटचं मोजमाप आणि टक्के. प्रत्येक फॅनसाठी हर्ट्झ, आरपीएम, अँपिअर, व्होल्टेज आणि स्टॅटिक प्रेशरचा तक्ता. मीटरचा सीरियल नंबर आणि कॅलिब्रेशनची तारीख. आपल्याकडे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागतात. डॅम्परची शेवटची जागा मार्करने दांड्यावर आखून नट घट्ट करा, नाहीतर पुढच्या देखभालीत कुणीतरी तो फिरवतो. जिथे आकडा बसला नाही तिथे तो तसाच लिहा आणि कारण द्या. ज्या रिपोर्टमध्ये शंभर डिफ्युझर सगळे ९८ ते १०२ टक्क्यांत आहेत, तो ऑफिसात बसून भरलाय असं जाणकार धरून चालतो.

सरावासाठी एक छोटा फॅन, व्हीएफडी, पंधरा-वीस फूट डक्ट आणि पाच-सहा ग्रिल एवढं पुरतं. शिकवणाऱ्याने आधी गुपचूप एक दोष करून ठेवावा: एक फ्लेक्सिबल डक्ट मुरगळायचा, एक डॅम्पर उलटा बसवायचा म्हणजे दांडा ‘उघडा’ दाखवतो आणि पातं बंद असतं, किंवा फॅनच्या दोन फेज बदलायच्या. शिकणाऱ्याने आधी तो दोष शोधायचा, मग टक्के जुळवायचे, मग रिपोर्ट लिहायचा. दोष न शोधता टक्के जुळवत बसलेल्याला त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावा.