आयबीएस: आपल्या पोटाला नेमकं काय सोसत नाही ते शोधताना

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: वारंवार पोट दुखणं, फुगणं आणि जुलाब किंवा बद्धकोष्ठ. पण शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, पोटदुखीने रात्री जाग, ताप किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही असेल, तर आहाराचे प्रयोग नकोत, आधी डॉक्टर गाठा. गहू बंद करण्यापूर्वी सिलिअ‍ॅक या, गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची रक्ततपासणीही करून घ्या. गहू सोडल्यावर ती तपासणी फसवी येते.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलेला लो-फॉडमॅप आहार आयबीएसच्या अनेक रुग्णांना उपयोगी पडतो. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या साखरा. त्या पाणी ओढतात आणि पुढे मोठ्या आतड्यात आंबून वायू करतात. पोट फुगतं, कळ येते, ती त्यामुळे.

पहिले 2 ते 6 आठवडे कांदा, लसूण, गहू, मैदा, रवा, दूध, सफरचंद, आंबा, मध, फ्लॉवर आणि मशरूम बंद. पोळीऐवजी ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी, भात. गाजर, बटाटा, पालक, वांगी, संत्रं, पपई चालतात. केळं जरा कच्चटच घ्या, पिकून ठिपके पडलेल्यात फ्रक्टन (फॉडमॅपचाच एक प्रकार) वाढलेले असतात. डाळ भिजवून ते पाणी फेका आणि शिजलेली डाळ पाव वाटीच्या वर नेऊ नका.

लसणाची चव मात्र सोडायची गरज नाही. फ्रक्टन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेलात अख्ख्या पाकळ्या परतून काढून टाका आणि मगच त्या तेलात फोडणी करा. पाकळ्या आमटीत उकळल्या तर फ्रक्टन रसात उतरतात, मग वेचून काढून काही उपयोग नाही. कांद्याच्या जागी पातीचा फक्त हिरवा भाग घ्या. बहुतेक जण फसतात ते तयार मसाल्यात. कांदा-लसूण मसाला, फरसाण, सूपची पाकिटं, सगळ्यांवरची यादी वाचा.

फरक पडला की लोक तिथेच थांबतात आणि वर्षभर तेच खातात. हे करू नका, कारण आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंची उपासमार होते. बाकी आहार तसाच ठेवून एका वेळी एकच पदार्थ परत आणा. दूध पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी 1 कप. त्रास झाला तर तिथेच थांबा. मग 2-3 दिवस विश्रांती आणि पुढचा पदार्थ: गव्हाची पोळी अर्धी, 1, 2. कांदा आणि लसूण वेगवेगळे तपासा. काय खाल्लं, किती आणि किती तासांनी दुखलं, ते वहीत लिहा.

दूध जमलं नाही तरी दुधाचे सगळेच पदार्थ बंद होत नाहीत, लॅक्टोजमुक्त दूध किंवा कडक चीज चालू शकतं. बद्धकोष्ठ असेल तर गव्हाचा कोंडा टाळा, त्याने पोट फुगतं. त्याऐवजी 1 चमचा इसबगोल ग्लासभर पाण्यात घालून लगेच प्या. प्रमाण आठवड्याच्या अंतराने वाढवा, एकदम वाढवलं तर वायू होतो. शक्य असेल तर हे सगळं आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा. वजन आधीच कमी असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर त्या देखरेखीशिवाय करूच नका.