मोठ्या संख्येची कुंडली कशी मांडावी: ९,८७,६५४ सोडवून पाहू

विभाजकांची यादी करत बसू नका; एखादा हमखास निसटतो. आधी मूळ अवयव काढा, बाकीचे बहुतेक सगळे त्यांतूनच मिळते.

१. लहान अवयव काढा. शेवटचा अंक सम, म्हणून २ ने भाग जातो. शेवटचे दोन अंक ५४, म्हणून ४ ने नाही. अंकांची बेरीज ३९, म्हणजे ३ ने जातो, ९ ने नाही. उरले १,६४,६०९. ७, ११ आणि १३ यांची कसोटी एकदमच लागते, कारण ७ × ११ × १३ = १००१. मूळ संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून वजाबाकी करा: ९८७ − ६५४ = ३३३. याला तिघांपैकी कोणीच भागत नाही. इथे लाखाच्या स्वल्पविरामाप्रमाणे गट पाडले की उत्तर चुकते.

२. थांबायचे कुठे, ते ठरवा. १,६४,६०९ चे वर्गमूळ ४०५ च्या थोडे पुढे आहे. तोवरच्या मूळ संख्यांनी क्रमाने भाग द्या, एकही गाळू नका. ९७ ने भाग जातो आणि १६९७ उरतात. आता १६९७ तपासायची गरज नाही: ९७ पेक्षा लहान मूळ संख्या आधीच बाद झाल्या आहेत आणि ९७ चा वर्ग ९४०९, म्हणजे १६९७ हून मोठा. तेव्हा १६९७ मूळच. (हे न ओळखता पुढे भागाकार करत राहणे ही नेहमीची फुकटची मेहनत.)

९,८७,६५४ = २ × ३ × ९७ × १६९७

गुणाकार करून एकदा पडताळा घ्या, कारण इथली चूक पुढे सगळीकडे पसरते.

३. विभाजक मोजा. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा. चारही घातांक १ आहेत, म्हणून २ × २ × २ × २ = १६ विभाजक. घातांकांचाच गुणाकार केला तर उत्तर १ येते. ही चूक फार जण करतात.

४. सगळ्या विभाजकांची बेरीज काढा. एकही अवयव पुन्हा येत नसल्याने प्रत्येकात १ मिळवणे पुरेसे: ३ × ४ × ९८ × १६९८ = १९,९६,८४८. त्यातून संख्या वजा केली की १०,०९,१९४ उरतात. हे संख्येपेक्षा जास्त, म्हणून ती विपुल संख्या. खरे तर ६ हून मोठी, ६ ने विभाज्य असलेली प्रत्येक संख्या विपुलच असते: तिचा निम्मा, तिसरा आणि सहावा हिस्सा मिळून ती पुरी होते, वर विभाजक १ उरतोच. एखादा अवयव दोनदा आला, जसा १२ मध्ये २, तर त्याच्यासाठी १ + २ + ४ = ७ घ्यावे लागतात.

५. संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? ४ ने भागल्यावर ३ उरणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम हवा. इथे ३ एकदाच आहे, म्हणून होत नाही.

६. अंकांचे गुणधर्म वेगळे ठेवा. गणितज्ञ द. रा. कापरेकरांची हर्षद संख्या म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या. हा गुणधर्म दशमान लेखनावर अवलंबून असतो, तरी अवयव इथेही उपयोगी पडतात: ३९ = ३ × १३ आणि १३ तर यादीत नाही, म्हणून ९,८७,६५४ हर्षद नाही.