सिकाई चालू असताना घरचे दिवस कसे सांभाळावेत

आमच्या इंदूरमध्ये कॅन्सरच्या रेडिएशनला, म्हणजे किरणांच्या उपचाराला, बहुतेक जण ‘सिकाई’ म्हणतात. राजेंद्रनगरातली मराठी मंडळीही दारातून डोकावत विचारायची, ‘बाबांची सिकाई कितवी झाली?’ या शब्दामुळे एक गैरसमज होतो. शेक म्हटला की चटका बसणार, असं पेशंटला वाटतं. प्रत्यक्षात मशीनखाली काहीच जाणवत नाही. एक्स-रे काढताना जेवढं कळतं, तेवढंच. त्रास होतो तो नंतर, हळूहळू, घरी. त्या खोलीत रोज फार तर पंधरा-वीस मिनिटं जातात, उरलेला सगळा दिवस घरच्यांच्या हातात असतो. म्हणून हा लेख त्या उरलेल्या दिवसाबद्दल आहे.

माझ्या बाबांना जिभेचा कॅन्सर होता. सोमवार ते शुक्रवार रोज एक, अशा 33 सिकाया झाल्या. त्यामुळे तोंडाच्या आणि गळ्याच्या उपचाराबद्दल मी जास्त सांगणार आहे. स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरच्या उपचारात काही गोष्टी वेगळ्या असतात, त्या पुढे सांगितल्या आहेत.

सुरू होण्याआधी: दात दाखवा

तोंड-गळ्याची सिकाई असेल तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. किडलेला, हलणारा दात काढायचा असेल तर तो आधीच काढून जखम भरू द्यावी लागते. सिकाईनंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, मग दात काढल्यावर जखम लवकर भरत नाही आणि हाड खराब होऊ शकतं. आम्हाला हे कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी विचारलं म्हणून कळलं आणि तारीख आठ दिवस पुढे गेली. तुम्ही पहिल्याच भेटीत विचारा.

त्याच सुमारास मास्क तयार करतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. काही मिनिटांत ती कडक होते आणि रोज तिनेच डोकं टेबलाला अडकवून ठेवतात, म्हणजे किरण नेमक्या जागी पडतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर तसं आधी सांगा, पेशंटला खोलीत कॅमेऱ्यातून बघतात आणि हात वर केला की मशीन थांबवतात. बाबा मनातल्या मनात रामरक्षा म्हणायचे. बाहेर आले की कपाळावर आणि गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे, अर्ध्या तासात जायचे.

एक वही ठेवा

ही सगळ्यात कामाची गोष्ट. शंभर पानी साधी वही. त्यात रोज तारीख, कितवी सिकाई, वजन, किती खाल्लं, किती पाणी गेलं, दुखणं दहापैकी किती, झोप लागली का, एवढं लिहायचं. आठवड्यातून एकदा डॉक्टर तपासतात तेव्हा वही त्यांच्यासमोर ठेवायची.

याचं कारण सांगते. आपल्याकडे सोसण्याचं कौतुक फार. डॉक्टरांनी विचारलं की बाबा म्हणायचे, ‘ठीक आहे सगळं.’ आणि घरी येऊन पाण्याचा घोट गिळताना खुर्चीचा हात घट्ट धरायचे. तिसऱ्या आठवड्यात मी वही पुढे केली. दुखणं 8, वजन सात दिवसांत दोन किलो कमी. डॉक्टरांनी तिथल्या तिथे औषध बदललं. जेवणाआधी घ्यायचं बधिर करणारं जेल आणि दुखण्यावरचं पातळ औषध मिळालं, आणि त्या रात्री बाबांनी वाटीभर खिमट खाल्लं. औषधाच्या कागदावर मॉर्फीन लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तर व्यसन लागण्याची भीती फारशी नसते. बद्धकोष्ठ मात्र होतं, त्याचं औषध सोबतच मागून घ्या.

तोंडाची काळजी

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतं, लाळ चिकट होते, चव जाते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून ठेवा. खाण्याआधी, खाल्ल्यावर आणि झोपताना, दिवसातून पाच-सहा वेळा त्याने गुळण्या करायच्या. पाणी रोज नवं करा. ब्रश लहान मुलांचा, मऊ घ्या. बाजारातले झोंबणारे माउथवॉश नकोत, त्यात अल्कोहोल असतं.

तोंड उघडण्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासून करा. जबडा आखडला तर पुढे घास घालणंही कठीण होतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि डॉक्टर सांगतील तशी हळूहळू एकेक वाढवायची. स्वतःची तीन बोटं उभी मावताहेत का, हे रोज पाहायचं.

तंबाखू, गुटखा, बिडी, दारू पूर्ण बंद. धूम्रपान चालू राहिलं तर उपचाराचा गुण कमी येतो आणि त्रास वाढतो.

खाणं

इंदूरच्या माणसाला सकाळी पोहे-जलेबी नाहीत म्हणजे दिवस उजाडलाच नाही. बाबांसमोर पहिल्यांदा पोहे ठेवले तेव्हा शेव टोचली, लिंबू झोंबलं. मग पोहे गरम दुधात भिजवून, वरून तूप घालून दिले. चालले. मऊ, ओलं, कोमट आणि पोटभरीचं, हे सूत्र धरा. मुगाची खिमट, नाचणीची पेज, दुधातला रव्याचा शिरा, कुस्करलेलं केळं, चालत असेल तर मऊ अंडं. तिखट, आंबट, कुरकुरीत काही काळ बाजूला. चव लागत नसली तरी घड्याळ लावून दोन-दोन तासांनी थोडं थोडं द्या, आग्रहाने ताट भरू नका.

वजन टिकवणं का महत्त्वाचं? चेहरा उतरला की मास्क सैल होतो, कधीकधी सगळं मोजमाप पुन्हा करावं लागतं. गिळणं फारच कठीण झालं आणि डॉक्टरांनी नाकातून नळी सुचवली, तर ‘आता शेवटच आला’ असं समजू नका. बहुतेकांची ती नळी पुढे निघते. मात्र नळी असली तरी डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तोवर घोट-घोट पाणी गिळत राहायचं, गिळण्याचे स्नायू विसरता कामा नयेत.

त्वचा आणि ऊन

कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. त्वचेवर केलेल्या खुणा पुसू देऊ नका. हळद, पावडर, अत्तर, बाम, बर्फ, गरम शेक काही नको. माझ्या आत्याने प्रेमाने हळद-तेल लावायला घेतलं होतं, हात धरून थांबवावं लागलं. मलम डॉक्टरांनी दिलेलंच लावा. दाढीला ब्लेड नको, ट्रिमर वापरा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सकाळची वेळ मागून घ्या आणि गळ्याभोवती मऊ सुती उपरणं सैल ठेवा.

स्तनाच्या उपचारात सैल सुती कपडे आणि खांद्याचे व्यायाम लागतात. ओटीपोटाच्या सिकाईत जुलाब होतात, लघवीला जळजळ होते. तेव्हा मऊ भात, केळं, ओआरएस द्या आणि मसाले, कच्च्या भाज्या टाळा. बऱ्याचदा लघवीची पिशवी भरून यायला सांगतात. किती पाणी, किती वेळ आधी, ते नीट विचारून तसंच रोज करा. बायकांनी पुढच्या काळात योनीमार्ग आखडू नये म्हणून काय करायचं, हेही न लाजता विचारावं.

थकवा आणि माणसं

हा थकवा झोपून जात नाही. रोज वीस मिनिटं संध्याकाळी सावकाश चालणं त्यावर सगळ्यात चांगलं. बाबा आधी गल्लीच्या टोकापर्यंत जायचे, मग मारुतीच्या देवळापर्यंत. आणि नातवंडांना दूर ठेवू नका. बाहेरून दिलेल्या सिकाईने अंगात किरण राहत नाहीत, पोरांना खुशाल मांडीवर घ्या.

दिवस चुकवू नका

विशेषतः तोंड-गळा आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला तर गुण कमी येतो. लग्न, ग्रहण, अमावस्या यांसाठी सुट्टी घेऊ नका. देवास-खंडव्याहून येणाऱ्यांनी राहण्याची सोय आणि आयुष्मान कार्ड आधीच बघून ठेवावं. मशीन बंद पडलं तर पुढची तारीख त्याच दिवशी पक्की करून घ्या.

ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर, दिवसभर पाणीही न जाणं, रक्त येणं, श्वास घेताना आवाज किंवा दम, यातलं काहीही झालं तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

शेवटची सिकाई झाली की घरात पेढे वाटले जातात आणि लगेच चार दिवसांत त्रास वाढलेला दिसतो. उपचार संपल्यावरही एक-दोन आठवडे त्रास चढताच असतो, मग उतरू लागतो. गुळण्या, व्यायाम, वही तोपर्यंत तशीच चालू ठेवा. चव यायला कित्येक महिने लागू शकतात. बाबांच्या वहीत चौथ्या महिन्यात एका सकाळी त्यांच्याच अक्षरात लिहिलंय: ‘पोहे. मीठ कळलं.’