लोंबणारं पाऊल आणि माझी पायमशीन

मी नागपूरच्या महालात ब्लाउज शिवते. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये कूलरला खस लावताना स्टुलावरून पडले आणि पाठीतला डी-१० मणका, म्हणजे छातीच्या मागचा दहावा, मोडला. मज्जारज्जू पूर्ण तुटला नव्हता, म्हणून पायांत थोडी जान राहिली. डावा पाय बराच सुधारला. उजवं पाऊल मात्र लोंबतच राहिलं. चवडा उंबरठ्याला अडकायचा. ज्यांचं असंच आहे त्यांनी पुढचं सगळं आधी आपल्या फिजिओला दाखवावं, मगच करावं.

सुरुवात पोटरीपासून. ती आखडलेली असली की पुढच्या स्नायूने कितीही जोर लावला तरी पाऊल वर येत नाही. माझे मिस्टर टाच तळहातात धरतात, तळवा स्वतःच्या कोपराखालच्या हाताला टेकवतात आणि टाच ओढत पाऊल हळूहळू वर नेतात. नुसता चवडा दाबला तर पावलाची कमान ताणते, पोटरी तशीच राहते. ३० सेकंद गुडघा सरळ ठेवून, ३० वाकवून. दोन्ही लागतं, कारण पोटरीतला एक स्नायू गुडघ्याच्या वरून येतो, दुसरा खालून. झटका बसला की पाऊल थडथड उडतं. तेव्हा बसूनच टाच जमिनीला टेकवा आणि गुडघ्यावर हाताने सावकाश दाब द्या. माझं असंच थांबतं.

मग उचलण्याचा सराव. मी मशीनचा पट्टा काढून टाकला आणि दोन्ही पावलं पायडलवर ठेवली. डाव्याने चालवायचं, उजव्याने सोबत जायचं. डोळे पावलावरच हवेत, कारण स्पर्श नीट कळत नाही. कित्येक आठवडे काहीच नाही. एका सकाळी घोट्याच्या पुढे बोट ठेवलं होतं, तिथे दोरीसारखं काहीतरी ताठ झालं आणि लगेच सैल पडलं. मी तशीच बसून रडले. दहा वेळा करा, विसावा घ्या, पुन्हा दहा. मांडी उचलायला लागली की थांबा. मग घोटा काम करत नसतो, कंबर करत असते.

"सवय लागेल" म्हणून मी आधी पाऊल वर धरून ठेवणारा स्प्लिंट घातला नाही आणि स्वयंपाकघरात पडले. चालताना घालाच, सुती मोज्यावर. काढल्यावर लाल डाग २०-३० मिनिटांत गेला नाही, तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्या.

रोज संध्याकाळी ‘शुक्रवारी’ नावाच्या तलावापाशी वॉकर घेऊन जाते, मिस्टर बाजूला. टाच आधी टेकवायची. मे महिन्यात अनवाणी कधीच नाही, चटका मला कळत नाही. पाय अचानक जास्त आखडू लागले तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा जखम आहे का ते बघा. माझं एकदा अंगठ्याचं नख मांसात रुतलं होतं.

परवा पट्टा परत चढवला. जुन्या साडीच्या तुकड्यावर सरळ शिवण घातली. पंधराव्या मिनिटाला उजवी मांडी उचलायला लागली, तेव्हा सुई वर घेऊन उठले.