पंढरपूरच्या सायकल वारीची तयारी: पायांची आणि पोटाचीही

मार्च उजाडला की आमच्या भागातल्या बायका विचारायला लागतात, "ताई, यंदा वारीला यायचंय, किती सराव करावा लागेल?" सरावाचं सांगतेच. पण मी कॉलेज रोडला डबे पुरवते, दिवस कणीक आणि तांदूळ मोजण्यात जातो, त्यामुळे माझं लक्ष आधी खाण्याकडे जातं. नाशिक ते पंढरपूर साधारण ३५० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी दुपारी जी मंडळी सायकल टेम्पोत चढवतात, त्यातल्या बऱ्याच जणांचे पाय शाबूत असतात. पोट तरी रिकामं असतं, नाहीतर बिघडलेलं.

आत्ता ४० किलोमीटर दमछाक न होता जात असाल तर बारा आठवडे पुरतात. जात नसाल तर आधी महिनाभर गंगापूर रोडनं सोमेश्वर, तिथून धरण आणि परत, एवढंच करा. मग मंगळवारी आणि गुरुवारी तासभर, शनिवार-रविवार लांब. आठवड्याचं एकूण अंतर दहा टक्क्यांच्या आसपास वाढवायचं, आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्यात एक तृतीयांश कमी करायचं. हा हलका आठवडा उत्साहाच्या भरात गाळू नका, अंग सावरतं ते तेव्हाच. शेजारून चालवणाऱ्या मैत्रिणीशी सबंध वाक्यात बोलता येईल एवढाच वेग ठेवा. गिअर हलका, पेडलचे फेरे मिनिटाला ८० ते ९०. जड गिअर दाबत बसलं की गुडघे धरतात.

एप्रिल-मे मध्ये पहाटे सव्वापाचला निघून साडेनऊपर्यंत घरी यायचं. अंतर वाढलं की वाटेत सावलीचा थांबा धरूनच वेळ आखा.

सहाव्या आठवड्यापासून शनिवार-रविवार जोडून चालवायला लागा, कारण वारीत सकाळी उठून कालच्याच पायांनी पुन्हा निघायचं असतं. शनिवारी त्र्यंबकला जाऊन येऊन ६० किलोमीटर होतात. रविवारी सिन्नरवरून वावीपर्यंत जाऊन परत या, शंभरी ओलांडते. दहाव्या आठवड्यात शनिवारी १२० आणि रविवारी ९०-१०० जमलं, की वारीचं अंतर तुमच्या आवाक्यात आलं. घाटाचा नाद काही जणांना फार असतो, नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढल्याशिवाय त्यांना सराव झाल्यासारखाच वाटत नाही. हौस म्हणून जरूर चढा. पंढरपूरच्या वाटेवर मात्र सिन्नरआधीचा मोहदरी घाट सोडला तर मोठं काही नाही. जूनमध्ये तिकडं वारा सोसायचा असतो, तो बहुतेक वेळ उजव्या हातानं येतो. त्याची सवय त्र्यंबक रस्त्यावर होते, जाताना पश्चिमेचा वारा थेट तोंडावर असतो.

आता खाण्याकडे येते.

स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जोर लावून चालवलं तर दोनेक तासांत उतरणीला लागते. नंतर डोळ्यांपुढं अंधारी येते, चिडचिड होते, पाय शिशाचे होतात. त्या क्षणी खाऊन लगेच फरक पडत नाही, म्हणून भूक लागायच्या आधी खायचं. पहिला घास पाऊण तासानं, पुढं दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. मनुके ३० ग्रॅम घेतले तर २३-२४. आपल्या निफाड-पिंपळगावकडचे मनुके असताना महागड्या जेलची पाकिटं कशाला, असं माझं मत आहे. ज्यांना जेल पचतं त्यांनी खुशाल घ्यावं.

माझी भिस्त दशमीवर. एका दशमीला ४० ग्रॅम कणीक आणि १० ग्रॅम गूळ, म्हणजे ३८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. गूळ कोमट दुधात विरघळवून गाळून घ्यायचा, चिमूटभर मीठ आणि सुंठ घालायची, आणि त्यातच कणीक मऊ भिजवायची. तूप अगदी बोटभर, जास्त घातलं तर पोटात जड होऊन बसते. तव्यावर मंद आचेवर दोन्हीकडून भाजायची, कडक होऊ द्यायची नाही. पूर्ण गार झाल्यावर घट्ट गुंडाळी करून तिचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा बटर पेपरमध्ये पिळून बांधायचा, म्हणजे हँडल न सोडता एका हातानं, दातानं उघडता येतो. गरम असताना बांधली तर घाम धरून चिकट होते. दुधातली दशमी जूनच्या दमट हवेत दुसऱ्या दिवसापलीकडे नेऊ नका.

घाट लागायच्या पंधरा मिनिटं आधी खाऊन घ्या. शिंदे-पळसेचा टोलनाका आला की तुकडा तोंडात टाकायचा, घाटात फक्त घोट घ्यायचे.

आणि हे सगळं सरावात करायचं. चालवताना पचवायची सवय पोटाला आठवड्यांनी लागते. पहिल्या दोन-तीन रविवारी मळमळलं तर खाणं बंद करू नका, घास लहान करा. जे सरावात खाल्लं नाही ते वारीत तोंडात घालायचं नाही, मग कुणी कितीही आग्रह केला तरी. नाशिककर म्हणून रविवारची मिसळ सोडा असं मी म्हणणार नाही, पण ती घरी परतताना, शेवटच्या पाच-सात किलोमीटरवर. मधल्या थांब्यावरची तर्री पुढच्या तीस किलोमीटरभर घशाशी येते.

उपवास असेल त्या दिवशी लांब जायचं झालं तर साबुदाण्याची खिचडी कमी तुपात, शेंगदाण्याचं कूट निम्मं. खिशात खजूर, केळं, राजगिऱ्याचा लाडू. निर्जळी किंवा नुसत्या चहावर मात्र सायकल काढू नका, हे मी बायकांना हात जोडून सांगते.

दोन बाटल्या ठेवा. एकीत साधं पाणी. दुसरीत ७५० मिलिलिटर पाण्याला ३० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस. घाम पुष्कळ जात असताना नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते धोक्याचं आहे. निघायच्या आधी आणि आल्यावर वजन करा. दोन टक्क्यांहून जास्त घटलं तर पुढच्या वेळी जास्त प्या, वाढलं तर पाणी जास्त झालं. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर मीठ-साखरेचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

आपल्या शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघानं रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत, पुरी केली. तेव्हा एक चालवत असताना दुसऱ्यानं विसावा घ्यायचा, अशी सोय असते. आपल्याकडे बदली नसते, आपली भरपाई मुक्कामावरच होते. पोहोचल्यावर अंघोळीला नंबर लावायच्या आधी खा: तासाभरात वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम कर्बोदकं, सोबत २० ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या बाईला २०० ग्रॅम शिजलेला भात जवळपास पुरतो, त्यावर घट्ट दही आणि वाटीभर मटकीची उसळ, किंवा दोन अंडी. रात्री मुगाची खिचडी, पापड, भरपूर ताक. तेलकट भाजी राहू द्या.

शेवटच्या आठवड्यात अंतर निम्मं. निघायच्या आदल्या दिवशी पालेभाज्या आणि कडधान्यं कमी करा, वरण-भात जास्त. पहाटे तासभर आधी केळं आणि वाटीभर उपमा.

दशम्या पहिल्या दिवसापुरत्या बारा, दुसऱ्यापुरत्या सहा बांधा. नगरच्या पुढे गावोगावी केळी मिळतात, आणि कुठल्याही टपरीवर पार्ले-जी मिळतो. तो चहात बुडवून खाल्ला तरी चालतो, फक्त सरावात एकदा खाऊन बघा.