सरकारी वकिलाला निवडणूक लढवायची असेल तर

आधी नेमणुकीचा कागद काढा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन झालेला सहायक सरकारी अभियोक्ता हा पगारी शासकीय कर्मचारी. त्याला महाराष्ट्र नागरी सेवेचे 1979 चे वर्तणूक नियम लागू, आणि नियम 5 प्रमाणे पक्षाचं सदस्यत्वसुद्धा चालत नाही. सत्र न्यायालयातला जिल्हा सरकारी वकील (किमान 7 वर्षं वकिली) किंवा एखाद्या खटल्यापुरता नेमलेला विशेष सरकारी वकील (10 वर्षं) हा शासकीय नोकर नसतो. पण म्हणून तो मोकळा असतो असं नाही.

अडचण ‘लाभाच्या पदा’ची, म्हणजे सरकारच्या हाताखालच्या मोबदल्याच्या पदाची; ते असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. संसदेसाठी राज्यघटनेचं कलम 102, विधानसभेसाठी 191. कांता कथुरिया राजस्थान विधानसभेवर निवडून आल्या तेव्हा सरकारने त्यांना एका लवादाच्या प्रकरणापुरतं विशेष सरकारी वकील नेमलेलं होतं. उच्च न्यायालयाने निवड रद्द ठरवली. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या वाचल्या, तेही 3 विरुद्ध 2 अशा मतांनी. तेव्हा ‘एकाच केसपुरता तर आहे’ या भरवशावर अर्ज भरू नका.

अपात्रता छाननीच्या तारखेला पाहतात, आणि छाननी सहसा अर्जाची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी असते. राजीनामा दिला एवढ्यावर भागत नाही, त्या दिवसापूर्वी तो मंजूर झालेला हवा. विशेष नेमणुका प्रत्येक खटल्याच्या वेगळ्या अधिसूचनेने होतात. त्यांची यादी करा, प्रत्येकीतून मुक्त केल्याचा आदेश हातात घ्या. चूक होते ती इथे: मोठे खटले आठवतात, लांबच्या जिल्ह्यातला तीन वर्षं तारखा पडत असलेला एखादा राहून जातो.

बाकी कागद नेहमीचे. नमुना 26 चं प्रतिज्ञापत्र (मालमत्ता, गुन्हे वगैरेची माहिती). अनामत विधानसभेला 10,000, लोकसभेला 25,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. मान्यताप्राप्त पक्षाला एक सूचक पुरतो, अपक्षाला 10 लागतात. एबी फॉर्म (पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचा कागद) शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत. रांगेत उभं राहून पक्षाच्या माणसाची वाट पाहणारे दर निवडणुकीत दिसतात.

पक्षाचं प्रदेशाध्यक्षपद सरकारी नसल्याने लाभाच्या पदात मोडत नाही. पण कायदा आड आला नाही तरी जुनी वक्तव्यं येतात. 26/11 खटल्यातले विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम 2024 मध्ये उत्तर मध्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले, तेव्हा दहशतवादी कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याचा किस्सा पुन्हा वर आला. ती गोष्ट आपण रचल्याचं त्यांनीच 2015 मध्ये सांगितलं होतं. ते 16,514 मतांनी हरले. त्यानंतर पुन्हा सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली तेव्हा विरोधकांनी टीका केली. 2025 मध्ये ते राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेले. नियुक्त सदस्याला शपथेपासून 6 महिन्यांच्या आत पक्षात जाता येतं. नंतर गेला तर सदस्यत्व जातं.

प्रचारात निकालपत्रातलं काय हवं ते वाचा, ते सार्वजनिक असतं. केस डायरीतलं (पोलिसांच्या तपासाच्या नोंदवहीतलं), साक्षीदाराने चेंबरमध्ये सांगितलेलं मात्र भाषणात आणू नका, विशेषतः अपील प्रलंबित असेल तर.